कार्ड उचललं की ‘का’ विचारायचं नाही

मुलांबरोबर भूमिका घेऊन एक गोष्ट खेळायची होती, त्यासाठी शाळेत फासे आणायला मुख्याध्यापकांची परवानगी लागली. ती मिळवताना माझा सगळा जोर एकच गोष्ट पटवण्यात गेला : मी मुलांना जुगार शिकवत नाहीये. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या राज्यात हा संशय काही अगदीच वावगा नाही. वर “महाभारत कशावरून झालं, टीचर?” हेही ऐकवून झालं. शेवटी सरांनाच मधल्या सुट्टीत एक डाव खेळायला बसवलं. त्यांना गावचे गावकार केलं, रात्री बांध फुटल्याची बातमी दिली आणि फासे हातात ठेवले. दोन आणि एक पडला. सर म्हणाले, “हे बरोबर नाही, परत टाकतो.” त्याच दिवशी सही मिळाली.

मी फोंडा तालुक्यात, जुवारीच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, प्राथमिक शाळा मराठीतून करतात आणि पाचवीत आली की एकदम इंग्रजी माध्यमात पडतात. चौथीपर्यंत बडबडी असलेली पोरं सहावीत मान खाली घालून बसलेली मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्यात कुणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, कुणी बोलताना अडखळतं, कुणाला डोळ्यांनी फार थोडं दिसतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार नोंदलेले आहेत, अध्ययन अक्षमताही त्यात आहे. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, मीही मुलांना घेऊन गेले आहे. कायदा आहे, उत्सव आहे. वर्गात मात्र समावेशन म्हणजे मूल पहिल्या बाकावर बसवायचं आणि पेपराला जादा वेळ द्यायचा, एवढ्यावरच गाडी थांबते.

या खेळांचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते भाच्याने. तो बंगळुरूला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मित्रांबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला आणि भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळांची सगळी परंपरा तिथून सुरू झाली. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. पट लागतोच असं नाही. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. स्टाफरूममध्ये हे सांगत होते तर पेडण्याच्या आमच्या एक सहकारी बाई म्हणाल्या, “मग आमच्या दशावतारात दुसरं काय करतात गो? आख्यान तेवढं ठरलेलं, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे.” त्या दिवसापासून पालकांना समजावताना मी डन्जन्स-ड्रॅगन्सचं नावच काढत नाही. दशावतार म्हटलं की पुढचं आपोआप कळतं.

भाच्याचा खेळ जसाच्या तसा घ्यायचा नाही हे मात्र लवकर ठरलं. त्याचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना वापरायला खुले झाले, म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता. पण पात्राचा कागद आकड्यांनी गच्च भरलेला, आणि फासे वीस बाजूंचे. वाचताना आधीच अडणाऱ्या मुलापुढे तो कागद ठेवणं म्हणजे आणखी एक प्रश्नपत्रिका देणं. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ हा व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा २०१० चा खेळ मुलांच्या हाती देण्यासारखा अजिबात नाही, पण त्यातली फाशांची रीत मी उचलली. साधे दोन फासे. बेरीज दहा किंवा जास्त आली तर हवं ते झालं. सात ते नऊ आली तर झालं, पण काहीतरी मोजावं लागलं. सहा किंवा कमी आली तर सांगणारा नवी अडचण उभी करतो.

लुडोचे फासे कुठल्याही दुकानात मिळतात. त्यांचे ठिपके खोलगट असतात. ज्या मुलीला कमी दिसतं तिने पहिल्याच शनिवारी फासा बोटांनी चाचपून आकडा सांगितला, माझ्याही आधी. आवाजाचा त्रास होणारा एक स्वमग्न मुलगा आहे. स्टीलच्या ताटलीत फासे पडले की तो कान झाकायचा, म्हणून पोफळीच्या विरीच्या ताटल्या आणल्या. गणिताच्या सरांनी छत्तीस जोड्यांचा तक्ता मुलांकडूनच भरून घेतला : दहा किंवा वर यायच्या जोड्या सहाच, सात ते नऊच्या पंधरा आणि सहा किंवा खालच्याही पंधरा. पात्राच्या अंगच्या गुणाचा एक मिळवला की दहाच्या वरच्या जोड्या सहाच्या दहा होतात. “एकाने एवढा फरक?” असं म्हणत पोरांनी तो तक्ता दोनदा तपासला.

गोष्ट मी आमच्या खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची, घेतली. मुलांच्या आज्यांना, आजोबांना खाजन अजून अंगवळणी आहे. मुलांना ते फक्त बसमधून दिसतं. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, त्या बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याची मोरी, आणि मानशीची लाकडी दारं, जी भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपसूक मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. खेळात एका रात्री ही दारं नीट मिटत नाहीत. खारं पाणी कोरगूट भाताच्या शेतात शिरतंय. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडलीत की कुणी मासे मिळावेत म्हणून मुद्दाम दार अडवून ठेवलंय? पहाटेपर्यंत काय करणार? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे पाठ्यपुस्तकात असतं. इथे ते ज्याला ठाऊक त्याला कधी बांधावर उतरायचं ते ठरवता येतं. दुसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं घरून विचारून आली होती. एकाच्या आजोबांनी तर मानशीचं चित्र काढून दिलं, फळ्या कुठल्या लाकडाच्या तेसुद्धा लिहून.

पण या सगळ्याच्या आधी एक बैठक झाली, आणि मला सांगायचंय ते तिथून सुरू होतं.

हे खेळ खेळणारे लोक खेळ सुरू करण्यापूर्वी एक बिनखेळाची बैठक घेतात. गोष्ट कशाबद्दल आहे, काय चालेल, काय नाही, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. असे खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्स यांच्या लिखाणातून रूढ झालेली एक जोडी त्यात वापरतात, रेषा आणि पडदा. रेषेपलीकडची गोष्ट खेळात येणारच नाही. पडद्याआडची गोष्ट घडू शकते, पण तिचं वर्णन होणार नाही, नाटकात मरण जसं विंगेत उरकतात तसं. दुसरं साधन एक्स-कार्ड, जॉन स्टावरोपौलोस यांनी २०१३ मध्ये मांडलेलं. एका कार्डावर मोठी फुली मारायची आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. खेळात काहीही नकोसं झालं तर कुणीही ते उचलावं किंवा त्यावर बोट ठेवावं. ती गोष्ट तिथेच गाळायची. कारण द्यावं लागत नाही. आमच्या मुलांनी त्याला ‘नाका कार्ड’ (नाका म्हणजे कोंकणीत नको) म्हणायला सुरुवात केली आणि आता मीही तेच म्हणते.

असे खेळ काढणाऱ्या मॉन्टी कुक गेम्स या कंपनीने २०१९ मध्ये ‘कन्सेंट इन गेमिंग’ नावाची एक फुकट पुस्तिका काढली. तिच्या शेवटी विषयांची यादी आहे, खूण करून भरून द्यायची. मोठ्या माणसांसाठी ती उत्तम. पण बारा वर्षांच्या मुलापुढे भयानक गोष्टींची छापील यादी ठेवणं मला पटलं नाही. त्याच्या मनात नसलेलं आपणच पेरायचं का? मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चित्र काढलं तरी चालेल असं सांगितलं. मीही माझी एक घातली. चिठ्ठ्यांत साप होते, ते अपेक्षित होतं. रात्रीचा देवचार, म्हणजे गावची राखण करणारं भूत, होता. मला त्याला गोष्टीत आणायची फार इच्छा होती, तो बेत गेला. कुत्रा मरणं होतं. “ढ म्हणणे” होतं. आणि एकीहून जास्त चिठ्ठ्यांत, वेगवेगळ्या शब्दांत, दारू पिऊन घरी आलेला माणूस होता.

माझ्या गोष्टीत मानशीवरचा रखवालदार पिऊन झोपलेला असणार होता. गंमत म्हणून. तो रखवालदार बदलला, त्याला ताप आणला.

पुढचं जरा सविस्तर सांगते. ओंकार, सई, जॉयल, रेणुका आणि आणखी दोघं टेबलाला होती (नावं बदलली आहेत). भरती चढत होती. मानशीच्या दारात लाकडाचा ओंडका अडकलाय हे त्यांनी शोधून काढलं होतं. जॉयल म्हणाला, “कोणतरी बुडी मारून तो काढूया.” मी रंगात येऊन काळं पाणी, पायाखालचा चिखल, दाराचा करकर आवाज असं सगळं सांगायला लागले. सईने कार्ड उचललं नाही. नुसतं बोट ठेवलं, ताटलीकडे बघत, जणू कार्ड सरळ करायला हात पुढे केला असावा. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. “बरं. पाणी अजून गुडघाभरच आहे. ओंडका बांधावरूनच दोरी टाकून ओढता येतोय. कोण ओढणार?” ओंकार लगेच म्हणाला, “कित्याक (का) टीचर, आता तर खोल होतं!” आणि सगळी सईकडे बघायला लागली.

शिक्षकी पेशाचा पायाच ‘का’ वर आहे. उशीर का झाला, गृहपाठ का नाही, रडतेस का. माझ्या जिभेवर तो शब्द आलेला होता, अगदी प्रेमाने. तो गिळायला किती कष्ट पडतात हे मला त्या टेबलावर कळलं. मी ओंकारला म्हटलं, “कार्ड लागलं. पाणी गुडघाभर. फासे कोणाकडे?” फासे रेणुकाकडे होते. आठ आले. ओंडका निघाला, पण दोरी तुटली आणि जॉयलचं पात्र चिखलात आपटलं. पोरं हसली, सईही हसली. पाण्याचं काय होतं ते मला आजही माहीत नाही. सईच्या घरी विचारायचा मोह झाला होता, तोही आवरला. कारण ठरलं होतं ते ठरलं होतं. कार्ड उचलल्यावर टीचर मागाहून चौकशी करते असं एकदा पसरलं असतं तर ते कार्ड पुन्हा कुणी उचललं नसतं.

याला एक अपवाद आहे, आणि तो मी पहिल्याच बैठकीत मुलांना सांगते. कुणी तुम्हाला इजा करतंय असं मला कळलं तर ते मी पोटात ठेवू शकत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी कळवणं बंधनकारक करतो, शिक्षकांनासुद्धा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो. त्या दारूच्या चिठ्ठ्या वाचल्यावर मी समुपदेशक मॅडमना सांगितलं. त्यांनी कुणालाही एकट्याने न बोलावता सगळ्या वर्गाचा एक तास घेतला. मॅडमच्या पद्धतीबद्दल दुमत असू शकतं, मला ती आवडली.

नुसत्या कार्डाने मात्र भागत नाही. गप्प मूल सहा जणांसमोर हात पुढे करत नाही, ज्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज असते तो तर मुळीच नाही. म्हणून पहिल्या डावात कार्ड मीच उचलते, तेही अगदी फालतू गोष्टीसाठी. उंदीर आला की उचलते. उंदीर जातो, गोष्ट पुढे सरकते, कुणी काही म्हणत नाही, हे मुलांना दिसायला हवं. मध्यंतर असतं, तेव्हा प्रत्येकाला काय आवडलं आणि पुढे काय हवंय ते लिहायला देते. आणि दार उघडं असतं. करंगळी वर न करता उठून व्हरांड्यात जायचं, वाटेल तेव्हा परत यायचं. आवाज नको असलेला तो मुलगा सुरुवातीला जास्त वेळ व्हरांड्यातच असायचा. खिडकीतून ऐकायचा आणि नेमक्या वेळी आत येऊन एक वाक्य टाकायचा, बहुतेक वेळा सगळ्यांत उपयोगी. फळ्यावर मी कोणाची पाळी, पुढे काय, मध्यंतर कधी हे चित्रांनी काढून ठेवते. काढलं त्याच्यासाठी. पण फळ्याकडे बघून स्वतःची पाळी आधीच जुळवून ठेवणारी पहिली मुलगी वेगळीच निघाली, जिला माझ्या लेखी कसलीच अडचण नव्हती.

बोलताना अडखळणाऱ्या ओंकारसाठी एकच सूट होती आणि ती सगळ्यांनाच होती. पात्राच्या तोंडून बोललंच पाहिजे असं नाही, “माझा माणूस बांधावर चढतो” असं सांगितलं तरी पुरे. त्याचं अडखळणं गेलं वगैरे काही झालेलं नाही. असल्या चमत्कारांच्या गोष्टी ऐकल्या की मला चीड येते. तो पूर्वीइतकाच अडखळतो, फक्त टेबलावर जास्त बोलतो. फासे त्याच्या हातात असेपर्यंत कुणी त्याचं वाक्य पूर्ण करायचं नाही, हा नियम मुलांनी लावला.

रेणुका कुबड्या वापरते. एका सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की तिचं पात्रही तसंच असावं, म्हणजे तिला ‘स्वीकारल्यासारखं’ वाटेल. मी तिला तसलं काही विचारलं नाही, सगळ्यांना जसं विचारते तेवढंच विचारलं : तुझं पात्र कसं आहे? तिने खेकडे पकडणारी, वाऱ्यासारखी पळणारी पोर निवडली. सारा थॉम्प्सन यांनी २०२० मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पात्रांसाठी लढाईत चालणारी चाकाची खुर्ची बनवली, तिचे नियम सुंदर आहेत. हवी असेल त्याला ती मिळाली पाहिजे. हवी आहे की नाही ते टीचरने ठरवायचं नाही, एवढंच. पुढच्या गोष्टीत रेणुकाने कुबडीवाली म्हातारी घेतली. ती कुबडी मानशीच्या दारात पाचर म्हणून वापरली.

सगळं गोडच होतं असं समजू नका. आठवीतला एक मुलगा आपल्या पात्राकरवी दुसऱ्याच्या पात्राला सतत पाण्यात ढकलायचा, त्याची भाकरी चोरायचा, आणि बोललं की म्हणायचा, “टीचर, माझं पात्रच तसं आहे.” जगभरच्या टेबलांवर ही सबब चालते, भाच्याने हे मला आधीच सांगून ठेवलं होतं. पात्र तसं आहे, पण ते तसं करायचं तू ठरवलंस, एवढं मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. मग नियम आला : सोबत्याविरुद्ध काही करायचं तर आधी त्याला, पात्राला नव्हे, मुलाला विचारायचं. तो म्हणाला की अशाने मजा गेली. पुढे दोन शनिवार आला नाही. नंतर आला, आणि चोरी करायच्या आधी ज्याची भाकरी त्यालाच कटात घेऊ लागला. आम्हाला सगळ्यांना त्यातूनच जास्त मजा आली. डाव संपला की पात्राचं कार्ड डब्यात टाकून प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने घ्यायचं, हेही त्याच भांडणानंतर सुरू झालं. टेबलावरचा राग वर्गात जाऊ नये म्हणून.

अडचणी उघड आहेत. एका टेबलाला सहा जण. माझ्या वर्गात त्याच्या सहापट मुलं, म्हणजे सगळ्यांना घेऊन हा खेळ एका तासात बसत नाही. डेन्मार्कमध्ये हॉब्रो गावात ऑस्टरस्कोव नावाची एक निवासी शाळा जवळजवळ सगळंच असं भूमिका घेऊन शिकवते. ते वाचून हेवा वाटतो, पण तिथे शाळाच त्यासाठी काढलेली आहे. आमच्याकडे शनिवारचे शेवटचे दोन तास मिळतात, तेही क्रीडास्पर्धा नसल्या तर. शिवाय गुण द्या म्हणून वरून विचारणा झाली. मी दिले नाहीत. गुण आले की कार्डावर बोट ठेवणारं मूल आपले किती कापले जातील ते मोजू लागेल.

टेबलं वाढवायची तर गोष्ट सांगणारे वाढायला हवेत, म्हणून यंदा सईला तयार केलं. तिने तिची स्वतःची बैठक घेतली, चिठ्ठ्या वाटल्या, कार्ड मध्ये ठेवलं आणि मला पात्र दिलं, बांधावर चणे विकणाऱ्या बाईचं. मी उत्साहात भरती-ओहोटीचं काहीतरी समजावून सांगायला गेले. तिने कार्ड उचललं.

“टीचर, तुम्ही चणेवाली. चणेवालीला हे ठाऊक नाही.”

बांधावर बसणाऱ्या चणेवालीला भरतीची वेळ ठाऊक असणारच, हे मला अजूनही वाटतं. पण कार्ड लागलं होतं. मी चणे विकले.